त्रिंबकच्या गाडीचा भोंगा

त्रिंबकच्या मागच्या सीटवर बसून मी इतकी वर्षं कामावर गेलो-आलो आहे की त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याची मान मला जास्त ओळखीची आहे. खुशीत असला की मान डावीकडे कलते आणि तो काहीतरी गुणगुणतो. घरी बिनसलेलं असलं की मान ताठ, आणि मग खड्डा असो की गतिरोधक, गाडी सरळ वरून जाते. त्याच्या संसारातली बरीच भांडणं माझ्या कमरेनं सोसली आहेत.

मी धर्मराज. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या एका मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो. त्रिंबक त्याच मिलमध्ये रोलिंगला. भट्टीतून निघालेली लालभडक सळई सांडशीनं धरायची आणि पुढच्या रोलात घालायची, हे त्याचं काम. एक क्षण चुकला तर सळई पायावर. असल्या कामावरचा माणूस भित्रा असेल असं कुणाला वाटणार नाही. पण त्रिंबक भित्रा होता. आगीला भीत नव्हता, माणसांच्या तोंडाला भीत होता. कोण काय म्हणेल, कोण हसेल, यातच त्याचा अर्धा जीव जायचा. मी त्याला यावरून पुष्कळ शिव्या घातल्या आहेत आणि त्यानं त्या मान खाली घालून ऐकल्या आहेत, म्हणजे तिथंही भीतीच.

आमचं गाव एकच, बदनापूरपासून आत. त्याचं घर धनगरांच्या आळीत. बाप लवकर वारला तेव्हा त्रिंबक लहान होता. थोरला भाऊ म्हस्कू, त्याला सगळं गाव म्हस्कूदादा म्हणतं, त्यानं या धाकट्याला मेंढरांमागं जाऊ दिलं नाही. स्वतः रानोमाळ हिंडला आणि याला बदनापूरच्या शाळेत घातलं. पुढे मिलमध्ये चिकटवायलाही तोच माझ्या वडिलांकडे येऊन बसला होता. घोंगडीची दशी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. शेवटी वडीलच म्हणाले, "अरे, पाठव पोराला, धर्माबरोबर जाईल."

मोटारसायकल घ्यायची ठरली तेव्हा त्रिंबकचा पगार गेला आणि म्हस्कूदादाची मेंढरंही गेली. कुणाचं किती, हे त्या घरात कुणी विचारलं नाही. दोन किल्ल्या मिळाल्या. एक त्रिंबकच्या खिशात, दुसरी म्हस्कूदादानं करदोड्याला बांधली. म्हस्कूदादा गाडी शिकला तो खळ्यावर. दुसऱ्या गिअरच्या वर तो कधी गेला नाही. चढावर गाडी दमली की जिभेनं चक् चक् करायचा, मेंढरांना करतात तसं, आणि आम्ही पोट धरून हसायचो. गाडी मात्र चढायची.

त्रिंबकची सुट्टी असली, पाळी दुपारची असली, की गाडी दादाची. कोकरू आजारी पडलं की घोंगडीत गुंडाळून टाकीवर आडवं टाकायचं आणि बदनापूरचा जनावरांचा दवाखाना गाठायचा. विचारायचं काही कारणच नव्हतं. घरातल्या घरात कोण विचारतं?

आता सीटला वास यायचा, हे खरं आहे. मीही मागे बसायचो, मला माहीत आहे. मेंढराचा वास एकदा कापडात शिरला की पावसाळाभर जात नाही. मिलमधले टवाळ लोक नाक धरायचे, "काय त्रिंबक, आज लोकर कातरून आला का?" त्रिंबक हसायचा. त्याची मान मला मागून दिसायची, म्हणून सांगतो, ते हसणं खोटं होतं. आणि त्याची बायको आशाबाई, ती जालना शहरात वाढलेली. चांगली साडी नेसून लग्नाला निघावं तर सीटच्या फटीत लेंड्या. थोरल्या दिराशी ती बोलत नव्हती, आमच्याकडे बोलतही नाहीत. डोक्यावर पदर घेऊन आडोशाला उभं राहायचं, एवढंच. म्हणजे जे काही बोलायचं ते सगळं त्रिंबकला ऐकावं लागायचं, दोघांच्या वाटचं.

"मंग दादाला सांग की एकदा," मी म्हणायचो.

"काय सांगू? गाडी नेऊ नका म्हणू?"

"हो."

"तू येडा हायेस का धर्मा? दादाला न्हाई म्हणू?"

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे धाकटा भाऊ थोरल्याशी भांडतो, वाटणी मागतो, वेळ पडली तर कोर्टात खेचतो. पण साध्या गोष्टीला, समोर उभं राहून, तोंडानं 'नाही' म्हणत नाही. त्यापेक्षा तो कोर्टात जाणं पसंत करील.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. एमआयडीसीत गाड्या चोरीला जायला लागल्या. मिलच्या फाटकाबाहेर बाभळीखाली लावलेली गाडी पाळी सुटायच्या आत गायब. आमच्यातल्या भुजंगची गेली. तो बिचारा महिनाभर रिकामी किल्ली बोटात फिरवत टेम्पोनं यायचा. "कुलूप होतं रे," म्हणायचा, "कुलूप लावलं होतं." त्याच्याकडे बघून त्रिंबकचा चेहरा उतरायचा. कामावर असताना तीनतीनदा फाटकापर्यंत जाऊन गाडी बघून यायला लागला. सांडशी हातात असताना मन फाटकावर, म्हणजे एक दिवस पाय जाणार, असं मला वाटायला लागलं. शेवटी मीच म्हणालो, "अलार्म बसव बाबा एकदाचा."

जालन्यात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर सर्जेरावचं दुकान होतं. गाड्यांची वायरिंग करायचा. त्यानं सीट उचकटली, खाली मुठीएवढा काळा भोंगा बसवला, बॅटरीपासून किल्लीच्या घराला वायरी नेल्या, टेप गुंडाळली. मग त्रिंबकला नीट समजावून सांगितलं. रिमोटचं बटण दाबलं की गाडी बंद. कुणी नुसता धक्का दिला तर कोंबडीसारखी कुक् कुक् करणार. किल्ली घालून चालू करायला गेलं तर मात्र अशी बोंबलणार की पुरा मोंढा गोळा होईल, आणि इंजिन काही केल्या उठणार नाही.

"अन् किल्ली खरी असली तर?" मी विचारलं.

"खरी असो की खोटी. रिमोट न्हाई तर चोरच समजते ती." सर्जेराव हसला. डब्यात दोन रिमोट होते. दुसरा पुढे करत तो म्हणाला, "घरात अजून कोणी चालवतं का? त्याला द्या अन् शिकवून ठेवा बराबर."

त्रिंबक म्हणाला, "न्हाई. मी एकटाच."

मी त्याच्याकडे बघितलं. तो गाडीकडे बघत होता.

येताना मी मागून त्याच्या कानात ओरडलो, "म्हस्कूदादा कोण हाये मंग? शेजारी का?"

"दादा परतूरकडं गेलाय मेंढरं घेऊन. आला की बघू."

म्हस्कूदादा उन्हाळ्यात तिकडे जायचा. मोकळ्या काळ्या रानात मेंढरं बसवली की लेंडीखत पडतं, शेतकरी धान्य देतो. पाऊस तोंडावर आला की परत फिरायचं. म्हणजे सांगायला वेळ होता, निरोपही धाडता आला असता. तिकडून येणारा-जाणारा कोणी ना कोणी भेटतच असतो. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विषय काढला. मग तो खरं बोलला.

"हे बघ धर्मा, मला सांगायची गरजच पडणार न्हाई. दादा आला, दारात गाडीला हात लावला, एकदा वाजली, की दादा आपसूक बाजूला होईल. मला काही बोलावं लागणार न्हाई, त्याला काही ऐकावं लागणार न्हाई."

मला इतका राग आला की मी त्या दिवशी येताना टेम्पोनं आलो. ज्या माणसानं तुला शाळेत घातलं त्याला तू एका भोंग्याकडून सांगणार? तुझं तोंड शिवलंय का? असं मी त्याला म्हणालो, आणि आणखीही म्हणालो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. दुसरा रिमोट आशाबाईनं पेटीत ठेवून दिला.

पंधरवडाभर त्या गाडीनं गावाचं डोकं उठवलं. सीटवर कोंबडी बसली की कुक् कुक्, ट्रक गेला की कुक् कुक्. पण त्रिंबक खूश होता. आगीपुढे उभा राहिला तरी मन जागेवर होतं. मान डावीकडे. मलाही वाटलं, असू दे, दादा आला की मीच त्याला गाठून सांगतो. पण दादा येणार कधी, हे कुणाला माहीत नव्हतं.

तो आला तो सरळ बदनापूरच्या बाजारात. वाटेतच बाजार लागला म्हणून दोन मेंढे विकायला तिथं थांबला, घरी जायच्या आधी. त्या दिवशी आम्हाला सुट्टी होती. त्रिंबक, मी आणि आशाबाई बाजाराला आलो होतो, आशाबाई बांगड्यांकडे गेली होती आणि आम्ही दोघं भज्यांच्या हॉटेलात बसलो होतो. शेजारच्या बाकावर मिलमधले ते टवाळ दोघेतिघे होते. त्रिंबक त्यांना रिमोट दाखवत होता. म्हणत होता, "आता घालू दे चोराला हात."

तेवढ्यात भोंगा वाजला. कुक् कुक् नव्हे, पुरा. त्रिंबक ताडकन उठला. "घावला! चोर घावला!" असं ओरडत तो धावला आणि त्याच्यामागे ते टवाळही धावले. मी बाकाखाली चपला काढल्या होत्या, त्या पायात अडकवेपर्यंत सगळे गर्दीत दिसेनासे झाले.

मी पोचायच्या आधी काय झालं ते मला नंतर बघणाऱ्यांनी सांगितलं. म्हस्कूदादाचं एक कोकरू बैलगाडीच्या चाकाखाली आलं होतं. पाय फुटला होता, रक्त थांबत नव्हतं. दवाखाना बाजारापासून लांब. एवढ्यात त्याला लिंबाखाली गाडी दिसली, आपली गाडी. त्याला केवढा आनंद झाला असेल! त्यानं कोकरू टाकीवर घेतलं, करदोड्याची किल्ली काढून घातली आणि पाय मारला. गाडी बोंबलायला लागली. त्याला वाटलं, काहीतरी बिघडलं. पुन्हा पाय मारला. चक् चक् केलं. पुन्हा मारला.

लोक जमले. गाड्या चोरीला जाण्याचे दिवस, त्यात हा धुळीनं माखलेला, फेटा बांधलेला, घोंगडीवाला.

"कोणाची गाडी हाये?" एकानं विचारलं.

"आमची हाये."

"तुमची? मंग बोंबलून काहून राह्यली?"

म्हस्कूदादानं आपली किल्ली दाखवली तर ते म्हणाले, बघा, डुप्लिकेट किल्ली घेऊन फिरतो. पहिली थप्पड कुणीतरी मारली, मग हात मोकळे करायला सगळेच पुढे आले. म्हस्कूदादानं कोकरू सोडलं नाही. दोन्ही हात कोकराला, म्हणून तोंडावरचा मार त्याला चुकवता आला नाही.

त्रिंबक गर्दीत घुसला तो रिमोट दाबतच. भोंगा थांबला. लोकांनी वाट करून दिली, "सरका, गाडीवाला आला." आणि त्रिंबकनं बघितलं. फेटा खाली पडलेला, ओठ फुटलेला, छातीशी कोकरू.

"वळखता का याला?" कुणीतरी विचारलं.

त्रिंबक बोलला नाही. मागे मिलमधले उभे होते. तो बोलणारच नव्हता असं मी म्हणत नाही. त्याचे ओठ हलत होते, असं बघणारे सांगतात. पण तो बोलला नाही. म्हस्कूदादानं त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या रिमोटकडे बघितलं. न शिकलेला असला तरी तो खुळा नव्हता. त्याला सगळं कळलं.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा म्हस्कूदादाचा आवाज माझ्या कानावर आला.

"न्हाई वळखत हे मला. माझीच चूक झाली, मालक. अशीच काळी गाडी आमच्या घरी बी हाये. नजर कमी झाली माझी."

आपल्या धाकट्या भावाला तो मालक म्हणत होता.

मी माणसं ढकलत आत शिरलो. "हात लावू नका!" मी ओरडलो. "आमच्या गावचा माणूस हाये, मी वळखतो!" पुढचंही मी बोलणारच होतो, अगदी सगळं. पण म्हस्कूदादानं माझं मनगट धरलं. मेंढरं आवळणारा हात तो, सुटेना. "धर्मा," तो म्हणाला, "कोकराला दवाखान्यात न्यायचंय. जल्दी चल."

कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं. त्रिंबक कसाबसा म्हणाला, "जाऊ द्या. सोडा त्यांना." चोराला कुणी 'त्यांना' म्हणत नाही, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. उलट एक म्हातारा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मोठ्या मनाचा गडी हाये!" लोकांनी माना डोलावल्या. मी मागे वळून बघितलं तेव्हा त्रिंबक गाडीचं हँडल धरून उभा होता आणि लोक त्याचं कौतुक करत होते. इतकं केविलवाणं कौतुक मी जन्मात बघितलं नाही.

दवाखान्याच्या वाटेवर मी संतापानं विचारलं, "दादा, तुमी खरं काहून न्हाई सांगितलं?"

"त्याच्या कामावरचे लोक व्हते तिथं. भावाला मार खाऊ घातला म्हणले असते. जलमभर तेच ऐकत बसला असता बिचारा."

त्यानं कोकराचा पाय घोंगडीच्या टोकात गुंडाळला. मग म्हणाला, "पन त्यानं मला सांगायला पायजे व्हतं, धर्मा. मी गाडी सोडली नसती का?" आणि तो रडला. रस्त्यात, कोकरू छातीशी धरून, म्हस्कूदादा रडला. मी कोकरू त्याच्याकडून माझ्याकडे घेतलं.

घरी त्याची बायको आसराबाई ओठाला हळद लावताना म्हणाली, "कुठं पडलात?" तो म्हणाला, "बाजारात बैल बुजला." त्रिंबक तिथंच उंबऱ्यावर बसला होता. त्यानं ते ऐकलं. त्या घरात ही गोष्ट आजतागायत बैलावरच आहे.

दुसऱ्या दिवशी त्रिंबकनं कामावर जायच्या आधी गाडी सर्जेरावच्या दुकानासमोर उभी केली. "काढून टाक," म्हणाला.

"काहून? वाजत न्हाई का बराबर?"

"लई बराबर वाजतो."

सर्जेरावला काही कळलं नाही. त्यानं वायरी सोडवल्या, भोंगा काढून हातात दिला. त्रिंबकनं तो दुकानाच्या कट्ट्यावरच ठेवला आणि गाडी चालू केली. वाटेत त्याच्या मानेकडे बघवत नव्हतं. "धर्मा," तो म्हणाला, "मी बोलणारच व्हतो रे. दादानं मला तोंडच उघडू दिलं न्हाई."

"तुझं तोंड तर पंधरवडाभर उघडंच व्हतं," मी म्हणालो. मला त्याची कीव यायला हवी होती. त्या वेळी आली नाही. आता येते.

त्या संध्याकाळी त्यानं म्हस्कूदादाच्या पायावर डोकं ठेवलं. मी दारात होतो. म्हस्कूदादानं त्याला खांद्याला धरून उठवलं. "आरं, काहून रडून राह्यला? बिलकुल बराबर केलं तू. चोरट्यांचे दिवस हायेत." आवाजात राग नाही, टोमणा नाही. दोन शिव्या दिल्या असत्या, एक थोबाडीत ठेवून दिली असती, तर त्रिंबक सुटला असता. म्हस्कूदादानं त्याला जेवायला बसवलं.

आणि तेव्हापासून तो गाडीवर बसला नाही. रुसवा म्हणून नव्हे. कुणी विचारलं तर म्हणतो, नजर कमी झाली. गाडी दिवस दिवस दारात उभी असते. आशाबाई आता स्वतःहून, पदराआडून, भिंतीकडे बघत म्हणते, "गाडी मोकळीच हाये, न्यावी म्हणावं." तो ऐकतो, घोंगडी खांद्यावर टाकतो आणि चालायला लागतो.

परवाचीच गोष्ट. सकाळी आम्ही कामावर निघालो होतो. पुढे रस्त्याच्या कडेनं म्हस्कूदादा चालला होता, खांद्यावर एक आजारी कोकरू घेतलेलं. आता त्याचं वय दिसतं. त्रिंबकनं त्याच्याजवळ गाडी थांबवली. मी न सांगता खाली उतरलो.

"दादा, बसा. दवाखान्यात सोडतो."

म्हस्कूदादा हसला. "तू हो पुढं, कामाला उशीर व्हईल. मला हितंच जायचंय."

हितं म्हणजे कुठं? दोन्ही बाजूंना रान होतं, बदनापूरपर्यंत एक घर नव्हतं. त्रिंबक इंजिन बंद करून तसाच बसून राहिला. म्हस्कूदादा थोडं पुढे गेला, मग वळला आणि आम्ही अजून उभेच आहोत हे बघून त्यानं हात हलवला, जा म्हणून.